आमच्या गाडीला सिएटचे मिलेज टायर सोडून सेक्युराड्राइव्ह का लावले

मृगाचा पहिला पाऊस पडून तासभर झाला असेल. आप्पांचे डोळे तपासायचे होते म्हणून आम्ही दोघं अमळनेरहून जळगावला निघालो होतो. धरणगावच्या अलीकडे एका वळणावर नुकताच शेतातून ट्रॅक्टर निघालेला, आणि त्याच्या चाकांची काळी माती शंभरेक फूट डांबरावर पसरलेली. गाडी पन्नास-पंचावन्नला होती. ब्रेक दाबला, पायाखाली ब्रेकचं एबीएस धडधडलं, तरी गाडी सरळ घसरतच राहिली. स्टेअरिंग फिरवतोय आणि चाकं ऐकत नाहीत. रस्ता सोडून कच्च्यात उतरलो आणि निंबाच्या झाडापासून दोन हातांवर थांबलो. कोणाला खरचटलंही नाही. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "टायर देखी ले, भाऊ."

टायर तर मी बघत होतो की! गाडी 52 हजार चाललेली, टायर गोटा झालेला नव्हता, नक्षी चांगली चार मिलिमीटर शिल्लक. खोबणीतल्या खुणेच्या पट्ट्या 1.6 मिलिमीटरवर असतात, त्या पट्टीला नक्षी टेकली की टायर बाद. आपला अजून खूप वर आहे, म्हणून मी निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी नक्षी मोजलीच नाही. दुकानातल्या नव्या टायरच्या नक्षीच्या गोटीत अंगठ्याचं नख रुतवलं, ते किंचित आत गेलं आणि वळ उमटला. मग तेच नख माझ्या टायरवर दाबलं. काही नाही. पाटीवर दाबल्यासारखं. "भाऊ, हाई आते रबर नई राहिनं, लाकूड व्हयी गयं." मग ओल्या फडक्याने टायरची कड पुसून तिथल्या 'डीओटी' या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर बनल्याची तारीख, दाखवली: 2218. म्हणजे 2018 सालचा 22वा आठवडा. त्याच साली दसऱ्याला गाडी घेतली, तेव्हाचेच टायर. कडेला रिमजवळ केसांसारख्या बारीक भेगा होत्या, त्या मी सात वर्षांत एकदाही वाकून पाहिल्या नव्हत्या.

आपल्याकडे टायर झिजून मरण्याआधी उन्हाने मरतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि गाडी ऑफिसबाहेर दिवसभर उघड्यावर उभी. ऊन आणि हवेतला ओझोन रबराचा मऊपणा खातात. वरून नक्षी तशीच दिसते, पण ओल्या रस्त्याला चिकटून धरायची ताकद गेलेली असते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, स्टेअरिंगला थोडा वाव देतं. पकड मात्र रबराचीच लागते. काळी माती ओली झाली की ती लोण्यासारखी होते आणि तिच्यावर नवा टायरही घसरतो, हे मान्य. पण त्या शंभर फुटांनंतर स्वच्छ ओलं डांबर होतं, आणि माझी गाडी तिथेही लगेच सावरली नाही. मला छळतं ते हेच.

आता निवडीचं. गाडीचं माप 185/65 आर 15. पर्याय दोन उरले, दोन्ही सिएटचे: मिलेज एक्स 3 आणि सेक्युराड्राइव्ह. मिलेजचा सगळा भर नावाप्रमाणे जास्त किलोमीटर चालण्यावर आहे, सेक्युराड्राइव्हचा ब्रेकिंगवर, वळणावर आणि वेगात गाडी स्थिर ठेवण्यावर. भावातला फरक इतका नव्हता की त्यावर निर्णय व्हावा. घरात, ऑफिसात, सगळ्यांनी एकच सांगितलं, मिलेज घे, जास्त चालेल.

मी रात्री वहीत हिशोब मांडला. सात वर्षांत 52 हजार, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. खान्देशच्या उन्हात टायर सहाव्या वर्षी बदलायचाच, हे आता मी ठरवलंय. सहा वर्षांत माझे 45 हजार होतील. मग त्यापुढचे जे किलोमीटर मिलेज मला देणार, ते मी वापरणारच नाही. टायर अंगणात उभ्या उभ्या म्हातारा होईल आणि वरची नक्षी बघून मी पुन्हा तसाच निर्धास्त राहीन. माझ्यासारख्या कमी चालवणाऱ्याने ओल्यात ब्रेक लागणाराच टायर घ्यावा, यावर मी ठाम आहे. चार जण बसलेली गाडी कन्नड घाटातून पावसात उतरवताना वर्षाचे किती किलोमीटर वाचले हे कोणाला आठवतं?

ज्यांची गाडी धुळे-सुरत भाड्याने पळते, वर्षाला तीस-चाळीस हजार होतात, त्यांचा हिशोब उलटा. त्यांचा टायर कडक व्हायच्या आत झिजून जातो. त्यांनी मिलेज घ्यावा, त्यात चूक काही नाही.

'ऑल सीझन' या शब्दावर अनेक जण अडतात. थंड देशांत उन्हाळी टायरचं रबर 7 अंशांखाली ताठ होतं, म्हणून तिथे वर्षभर चालणारा, थोडा बर्फ झेलणारा वेगळा टायर मिळतो. आपल्याला बर्फाचं काय करायचंय? आपले ऋतू ऊन, पाऊस आणि डिसेंबरातली चार थंड पहाटं. काही टायरांच्या कडेवर तीन गोष्टी छापलेल्या असतात: ट्रेडवेअरचा आकडा, ट्रॅक्शनचं अक्षर आणि टेंपरेचरचं अक्षर. दुकानात फक्त पहिला आकडा दाखवतात, कारण तो नक्षी किती टिकेल याचा. तुम्ही पुढची दोन अक्षरं वाचा. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेकची पकड, टेंपरेचर म्हणजे उष्णता सोसायची ताकद. आपल्या भागात दोन्हीकडे ए असलेला बरा.

आणि हवा! तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण एक पीएसआयने (पंपावर हवा मोजतात तो आकडा) वाढतो. म्हणून सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पारोळ्याहून भर दुपारी आलेल्या गाडीची हवा पंपावर "जास्त झाली" म्हणून काढायची नाही. संध्याकाळी तीच कमी पडते, कमी हवेत कड सारखी मुडपते, आतून तापते, आणि फुटते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागतात, पण साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो.

मी चारही सेक्युराड्राइव्ह टाकले. तारीख बघून घेतले, तीन महिन्यांच्या आतले. तुमच्याकडे दोनच टायरांचे पैसे असतील, तर नवे मागे लावा. सगळे पुढे लावतात, पण ओल्यात मागची बाजू सुटली की गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. अलाइनमेंट-बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्या.

निघताना दादांनी डिकी उघडायला लावली. स्टेपनी एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षी कोरी करकरीत. आकडा मात्र तोच, 2218. तिच्यासाठी पुढच्या महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढतोय.