कुठवर आलं पुस्तक?

आपण पुस्तक लिहितोय हे पुण्यात कुणाला कळू देऊ नये. लग्न ठरल्यासारखंच असतं ते. बातमी फुटली की तारीख विचारणारे दारात उभे. माझी बातमी आमच्या ह्यांनी सोसायटीच्या सत्यनारायणाला, प्रसादाच्या रांगेत फोडली. तेव्हापासून लिफ्टमध्ये मला कुणी 'कशा आहात' विचारत नाही. 'कुठवर आलं?' एवढंच.

विषय आहे पुण्यातले जुने हौद. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला, तिथून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी आणलं आणि पेठांमधले हौद भरले. पुढे बरेच हौद बुजले, नावं मात्र चिकटून राहिली. आजही माणसं फडके हौदाला उतरतात आणि बाटलीतलं पाणी पितात. पाच प्रकरणं भराभर झाली. घोडं पेंड खातंय ते पंचहौदापाशी.

कारण तिथे चहा आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, टिळक, रानडे अशी मातब्बर मंडळी जमली. पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसती राहू दिली. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि मग ग्रामण्य (म्हणजे धर्म बुडवल्याचा, वाळीत टाकण्याचा वाद), शंकराचार्य, प्रायश्चित्त असं सगळं रामायण झालं. आता मला सांगा, एवढं हाती लागल्यावर हौदाच्या लांबी-रुंदीवर कोण लिहील? मी चहावर चाळीस पानं लिहिली. हौद त्यात बुडाला.

अशा वेळी माणसाला धीर देणारं कुणी हवं असतं. माझ्याकडे ते उदंड आहेत. हे म्हणतात, "अगं, लिही की. तुला अडवलंय कुणी?" आणि लगेच, "इस्त्रीचे कपडे आले का?" मैत्रीण लेखन कार्यशाळा करून आलीय. ती सांगते, पहाटे चारला उठ, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. (तिचं स्वतःचं पुस्तक अजून शीर्षकापाशी आहे, पण शीर्षक खरोखर उत्तम आहे.) मावशीने तर थेट भांडारकर संस्थेचा दाखला दिला. "महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ला सुरू झाली आणि १९६६ला पुरी झाली. तुझं आत्ता कुठे काय!" मला जरा बरं वाटतंय तोच म्हणाली, "मुख्य संपादक सुकथनकर मध्येच गेले, १९४३ साली. पण काम थांबलं नाही हो." हा धीर होता, की मी वारस नेमून ठेवावा अशी सूचना, ते अजून कळलेलं नाही.

आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छपाईवाल्यांकडे नुसता अंदाज घ्यायला गेले. त्यांनी पानं चाळली. "मॅडम, फर्मा सोळा पानांचा. पानं सोळाच्या पटीत बसवा. चहा थोडा कमी करा." मग कॅल्क्युलेटर पुढे ओढत विचारलं, "नातेवाईक किती आहेत? म्हणजे प्रती ठरवता येतील."

आणि दुसऱ्या मजल्यावरचे तात्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. 'छान' हा शब्द त्यांनी बहुधा खात्यातच जमा केला असावा. त्यांनी माझी पाच प्रकरणं वाचायला नेली आणि लाल पेनाने रंगवून परत आणली.

"उच्छ्वास कुठायत?"

कात्रजच्या नळावर मधे मधे जे मनोरे उभारलेत, आतली हवा सुटायला, ते उच्छ्वास. मी म्हटलं, "एक परिच्छेद आहे की."

"परिच्छेद! पंप नाही, वीज नाही, पाणी नुसतं उतारावर आणलंय त्या लोकांनी. आणि तू टिळकांनी चहा घेतला की नाही ते बघत बसलीयस? तुला उतार कळलेला नाही. तू पंचहौदाचं प्रकरण लिही, मी चुका काढून ठेवतो."

"अजून लिहिलं नाहीये, तात्या."

"म्हणून काय झालं? असणारच."

मी दार जरा जोरातच लावलं. जेवणं उरकली आणि टेबलावर बसले. उतार, नळ, हौद, सगळं तपासून लिहिलं. प्रत्येक वाक्यापाशी तात्यांचं लाल पेन दिसायचं आणि मी पुन्हा नकाशा उघडायची. पहाटे चारला उठायची वेळच आली नाही, कारण तेव्हा मी जागीच होते. चहा दोन पानांत आटोपला. पुढचे काही दिवस हेच चाललं. ह्यांनी इस्त्रीचे कपडे स्वतः आणले, यावरून प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं.

प्रकरण तात्यांना नेऊन दिलं. रविवारी सकाळी ते वर आले. कागद कोरे करकरीत, लाल रेघ एकसुद्धा नाही. सोफ्यावर बसले, चष्मा पुसला, पहिलं पान पुन्हा पाहिलं, शेवटचं पाहिलं.

"नाही सापडली," म्हणाले.

त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी घाईघाईने म्हटलं, "तात्या, पुढच्या प्रकरणात नक्की असेल."