तासाला दहा थेंब

माझं उत्तर बरोबर होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हीही अख्ख्या वॉर्डासारखे अम्माच्या बाजूनं जाऊन बसाल.

टायफॉइडचा पेशंट, विशीतला पोरगा. ऑर्डर होती नॉर्मल सलाइन ५०० मिली, ८ तासांत. आयव्ही सेटच्या, म्हणजे सलाइनच्या नळीच्या, पाकिटावर छापलेलं, २० थेंबांचा १ मिली. म्हणजे पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी मिनिटं. वॉर्डात आम्हा विद्यार्थिनींना मोबाइल काढायची बंदी, म्हणून तळहातावर पेनानं मांडलं. वीस पूर्णांक त्र्याऐंशी, म्हणजे एकवीस. नळीवरचा रोलर फिरवून थेंब जुळवले आणि दहावीला गणितानं घाम फोडलेल्या बाईला शोभेल अशा ऐटीत वळले.

"तळहातावर काय लिव्हलीस गं? कापी?"

स्टुलावर पोराची आजी. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, सफाईवाल्या मामांशी हिंदी, आणि तिन्ही भाषांत सूर भांडणाचाच. उभा जन्म बिड्या वळण्यात गेलेला.

"हिशोब आहे, अम्मा. मिनिटाला किती थेंब सोडायचे त्याचा."

"किती?"

"एकवीस."

"अन् अख्ख्या बाटलीत?"

"दहा हजार."

"दहा हजार!" अम्मानं बाटलीकडं पहिल्यांदाच आदरानं बघितलं. "म्हणजे माझी दहा दिवसाची बिडी की."

मजुरी हजार बिड्यांवर मिळते, तेव्हा हे माप तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. मी तिथून निघायला हवं होतं, पण पाय हलेनात.

"आठ तासाला दहा हजार. तासाला साडेबाराशे. साठ विसा बाराशे. उरले पन्नास." डोळे उघडले. "पन्नास मिनिटं एकवीस सोड, दहा मिनिटं वीस सोड."

"अम्मा, असं दर तासाला कमी-जास्त करत नाहीत. जवळचा पूर्ण आकडा धरतात."

"मी कुठं अर्धा सांगायले? पूर्णच सांगायले की. तू तासाला दहा थेंब जास्त घालायलीस. आठ तासाला ऐंशी."

"ऐंशी थेंब म्हणजे चार मिली. बाटली चार मिनिटं आधी संपेल, एवढंच."

"एवढंच?" आता आवाज पार दारापर्यंत गेला. "पंचवीसच्या कट्ट्यात एक जास्त गेली तर त्याचे पैसे कोण देतंय मला? अन् एक कमी भरली तर अख्खा कट्टा फोडतेत. तिथं कोण म्हणत नाही, अम्मा, एवढंच!"

पलीकडच्या कॉटवरचे काका उठून बसले. ही गोळी जेवणाआधी की नंतर, हे सकाळपासून सांगून माझा घसा बसला होता, ते हेच काका. म्हणाले, "बरोबर हाय की अम्माचं." त्यांच्या बायकोनंही मान डोलावली. कुणीतरी विचारलं, "सिस्टर, आमची पण बाटली एकदा अम्माला दाखवता का?"

आणि अम्मा गेली. पदर खोचून, कॉटमागून कॉट, घड्याळाकडं एक डोळा ठेवून. "तुझे अठरा पडायलेत बघ." "तुझं बरोबर हाय." इनचार्ज सिस्टर आल्या, त्यांना वाटलं राउंड चाललाय. प्रकार कळल्यावर रागावतील असं वाटलं होतं, तर माझ्याकडं बघून म्हणतात कशा, "बघ, शाळेत न गेलेली बाई तोंडी करते. तुम्हाला तळहात लागतो."

एकवीस बरोबर होते हो! पुस्तकात तेच आहे, परीक्षेत त्यालाच मार्क आहेत. पण हे म्हणायला कुणाला सवड नव्हती.

मुळात मी इथं आले तेच गणित टाळायला, असा घरादाराचा समज. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या काकांनी चिवडा खाता खाता जाहीर केलं, "गणित कच्चं आहे, हिला नर्सिंगला टाका. त्यात काय, तापच मोजायचा असतो." कागदोपत्री त्यांचं खोटंही नाही. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, गणित मागत नाहीत. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला, तर कुठल्याही शाखेची बारावी चालते. दारावर पाटी नाही म्हणून मी आत शिरले, तर आत बाईसाहेब फळ्यावर भागाकार मांडून उभ्या. दहा किलोचं मूल, किलोला १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, सिरप ५ मिलीत १२५, तर किती मिली? सहा. इन्सुलिनची एक बाटली मिलीला ४० युनिटची, दुसरी १०० ची. चाळीसला लाल टोपणाची सिरिंज, शंभरला नारिंगी. सिरिंजची अदलाबदल झाली तर माणूस बेशुद्धही पडू शकतो. हे गणित मला येतं, कारण त्यात समोर माणूस असतो.

शाळेत समोर काय होतं? हौद. एका नळानं तीन तासांत भरतो, दुसऱ्यानं पाच तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळात? सोलापूरच्या पोरीला हा प्रश्न! तेव्हा नळाला पाणी चार-चार दिवसांआड, तेही कधी रात्री दोनला. दोन्ही नळ एकदम सोडणारा हा मनुष्य कुठल्या प्रभागात राहतो, हे विचारलं तर मास्तरांनी मला वर्गाबाहेर काढलं. तेव्हापासून गणिताचं आणि माझं बोलणंच तुटलं.

१२ मे ला, परिचारिका दिनाला, आमच्याकडे पाहुणे येतात. नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार आणि हातात दिव्याची गोष्ट. बाईंनी क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे आलेख काढून दाखवलं की सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनीच जास्त मेले, आणि १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेनं त्यांना पहिली स्त्री सदस्य करून घेतलं. हे फोटोखाली लिहिलं असतं तर काकांच्या तोंडावर मारता आलं असतं. पण दिवा उचलायला सोपा. एका पाहुण्यांनी तर नर्सेसच्या कार्यक्रमात सगळं भाषण डॉ. कोटणीसांवर केलं. ठीक आहे, गावचं भूषण, १९३८ साली चीनला गेले, सगळं कबूल. त्यांची पत्नी गुओ छिंगलान नर्सिंगमधलीच होती. निदान तिचं नाव तरी घ्या की हो!

आणि आमचं गणित काढणाऱ्यांना एक भागाकार घालावासा वाटतो. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिकाऊ रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात ३ रुग्णांमागे १ नर्स. त्या दुपारी आमच्याकडं जमिनीवरच्या गाद्या धरून चाळिशीच्या पुढं पेशंट, एक स्टाफ सिस्टर आणि आम्ही दोन विद्यार्थिनी. आम्ही मोजण्यात धरायच्या नसतोच म्हणे, पण इंजेक्शनं काढायची वेळ आली की बरोबर मोजण्यात येतो. हे गणित तिसरीतल्या पोराला जमेल. वरच्या साहेबांना जमत नाही, आणि त्यांना कुणी चिवडा खात नर्सिंगला टाकत नाही.

संध्याकाळी अम्माला चहा मिळाला. त्यातला निम्मा तिनं मला बशीत ओतून दिला. माफी नव्हे, चौकशीची तयारी.

"किती वर्ष शिकायचं?"

"तीन."

"मग पगार?"

मी शक्य तितक्या थाटात सांगितलं की छोट्या खासगी दवाखान्यातसुद्धा नर्सला महिन्याला २० हजारांच्या खाली देऊ नये, असं केंद्राच्या समितीनं २०१६ सालीच सुचवलंय.

"मिळतेत?"

"सुचवलंय, अम्मा."

"कागदावर आमचा रेट पण लई हाय," अम्मा म्हणाली, आणि पुन्हा अंगठा पेरांवर. महिन्याचे दिवस, दिवसाचे तास, बसचं भाडं. शेवटी मान हलवली. आकडा काय आला ते मात्र सांगितलं नाही. दिवसभर सगळ्यांचे आकडे ओरडून सांगणारी बाई नेमकी इथं गप्प, याचा मला जास्त राग आला.

"बरं, ते जाऊ दे," बशी परत घेत ती म्हणाली. "सतराच पडायलेत बघ. रोलर ढिला कर."

पोरानं झोपेत कोपर दुमडलं होतं. रोलरला हातसुद्धा न लावता मी त्याचा हात सरळ केला, घड्याळ बघून पूर्ण मिनिट मोजलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "एकवीस!"

"पन्नास मिनिटं झाली," अम्मा म्हणाली. "आता वीस कर."