दोष आधी सांगायची तयारी नसेल, तर जुन्या वस्तूंच्या व्यवसायात उतरू नका

वापरलेल्या वस्तू विकत घेऊन पुन्हा विकण्याचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या अनेकांशी गेल्या काही महिन्यांत माझे बोलणे झाले, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न माल कुठून मिळवायचा हाच होता. माल मिळतो. घर बदलणाऱ्यांकडे, कार्यालय बंद करणाऱ्यांकडे, नवे घेतल्यावर जुने तसेच ठेवून देणाऱ्यांकडे तो पडूनच असतो. हाती आलेल्या वस्तूतला दोष ओळखायचा कसा आणि तो गिऱ्हाइकाला सांगायचा कसा, हे मात्र फारच थोडे जण विचारतात. माझ्या मते हा सारा व्यवसाय त्या दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते आहे.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता, आणि पुढे २००१ साली अ‍ॅकरलॉफ यांना आणखी दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे समजायला अवघड नाही. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा धोका गृहीत धरून मधलीच किंमत देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, म्हणून तो गाडी विकायलाच काढत नाही. बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, घेणारा आणखी कमी किंमत सांगतो, आणि असे होत होत बाजारच आटू लागतो. हे वाचले तेव्हा माझ्या लक्षात आले की जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचे खरे काम ही माहितीची दरी बुजवण्याचे आहे. तेवढे तो करत नसेल, तर लोक एकमेकांना थेट विकतील. मध्ये त्याची गरजच काय?

ही समज मला सुरुवातीला नव्हती. पहिल्याच वर्षी मी एक कपडे धुण्याचे यंत्र घेतले, दहा मिनिटे चालवून पाहिले, पाणी भरते आणि ड्रम फिरतो एवढ्यावर समाधान मानले आणि विकून टाकले. कपडे पिळण्याच्या पूर्ण वेगात ते चालवून पाहिले असते, तर बेअरिंगची घरघर मला तेव्हाच ऐकू आली असती. घेणाऱ्या बाईंचा चौथ्या दिवशी फोन आला. मी यंत्र परत आणले, पैसे दिले, दोन्ही वेळची वाहतूक माझ्या अंगावर पडली. पण त्याहून अधिक लागले ते त्यांचे शांतपणे म्हटलेले एक वाक्य, की तुम्हाला माहीत असेलच असे आम्ही समजलो होतो. त्यांचे समजणे रास्त होते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की सुरुवात एकाच प्रकारच्या वस्तूंनी करावी. फर्निचर, मोबाइल, कॅमेरे, सायकली असे सारे एकदम हाती घेणाऱ्याला कशातलेच पुरते कळत नाही. प्रत्येक प्रकाराची तपासणी वेगळी असते आणि ती हाताला सवय झाल्यावरच येते. कॅमेऱ्याच्या भिंगात मागून विजेरीचा झोत टाकला की आतली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. एरवी तेच भिंग स्वच्छ वाटते. लाकडी कपाटाच्या भोकांखाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल, तर कीड अजून आत आहे. भुशाच्या दाबीव फळ्यांचे कपाट एकदा सोडून पुन्हा जोडले की स्क्रूची पकड कमी होते, त्यामुळे ते कितीही नवे दिसले तरी मी त्याला फारशी किंमत देत नाही. आडवा करून आणलेला फ्रिज काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करू नये, कारण कॉम्प्रेसरमधले तेल खाली उतरायला वेळ लागतो. आणि नंतरही तो बराच वेळ चालवून, गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबतो की नाही, हे पाहिल्याशिवाय विकू नये. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शाबूत आहे एवढ्यावरून टायर नवा ठरत नाही.

काही वस्तू मी घेतच नाही. हेल्मेटच्या आतला कडक फोम एकाच आघातात दबतो आणि पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून त्याचा पत्ता लागेलच असे नाही. लहान मुलांच्या मोटारीतल्या आसनांचेही तसेच आहे. ज्या वस्तूचा इतिहास मला तपासता येत नाही आणि जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे, ती कमी किमतीत विकणे मला मान्य नाही.

मोबाइल आणि संगणक घेणाऱ्यांनी दोन बाबतींत विशेष दक्ष राहावे. पहिली बाब मालकीची. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवावा, आणि विकणाऱ्याने आपले खाते फोनमधून तुमच्यासमोर काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आयफोनमध्ये २०१३ पासून असलेल्या कुलपामुळे आधीच्या मालकाच्या खात्याशी जोडलेला फोन पुसून काढला तरी तुमचा होत नाही. विकणाऱ्याची ओळख आणि वस्तूचा क्रमांक नोंदवहीत लिहून त्याची सही घेणे काहींना अवघडल्यासारखे वाटते. मला ते तसे वाटत नाही. प्रामाणिक माणूस सही करतो, आणि जो काढता पाय घेतो त्याचा माल आपल्याला नकोच असतो. दुसरी बाब माहितीची. हार्ड डिस्क नुसती घाईने फॉरमॅट केली, तर बहुधा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते आणि छायाचित्रे, कागदपत्रे आत तशीच राहतात. ती पूर्ण पुसण्याची जबाबदारी आपली आहे, मालकाने सांगितले नसले तरी.

नफ्याचा हिशेब करताना लोक खरेदी आणि विक्री एवढेच दोन आकडे पाहतात. आणणे, धुणे, दुरुस्ती, छायाचित्रे काढणे, दहा जणांना तीच उत्तरे देणे आणि परत आलेला माल स्वीकारणे यांचे तास कुणी मोजत नाही. मी ते एक वर्ष लिहून ठेवले, आणि ज्या वस्तूंवर मला सर्वाधिक नफा वाटत होता त्यांतल्या काहींवर प्रत्यक्षात मजुरीही सुटत नव्हती असे दिसले. तेव्हापासून अपेक्षित विक्री किमतीच्या निम्म्याहून जास्त मी सहसा देत नाही, आणि प्रत्येक वस्तूवर ती आणल्याची तारीख लिहिते. तीन महिने हललेली नसेल तर किंमत उतरवते, कारण अडकलेल्या भांडवलातून पुढची खरेदी होत नाही.

दोष सांगितले तर घेणार कोण, असे मला नेहमी विचारले जाते. खुर्चीचा पाय जोडलेला आहे, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, दाराला ओरखडा आहे, असे छायाचित्रासह लिहिले की विचारणा कमी येते हे खरे आहे. परंतु जे येतात ते घासाघीस न करता घेतात, आणि वस्तू परत येण्याचे प्रमाण माझ्याकडे त्यानंतर लक्षणीय घटले.

मात्र खरेदीच्या वेळी हीच दरी उलट्या बाजूने उभी राहते, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू विकायला काढणाऱ्याला बहुतेकदा त्यांचे मोल ठाऊक नसते, आणि तेव्हा जास्त जाणणारे आपण असतो. एका मुलीने वडिलांची जुनी कॅमेऱ्याची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि काहीही द्या म्हणाली. त्यातले एक भिंग बाकीच्या साऱ्या पेटीहून मौल्यवान होते. मी तिला ते सांगितले, आणि आता प्रत्येकाला दोन आकडे सांगते: ही वस्तू मी अंदाजे कितीला विकेन आणि तुम्हाला किती देऊ शकते. मधला फरक कशासाठी आहे, तेही सांगते. काही जण ते ऐकून वस्तू परत नेतात आणि स्वतः विकतात. त्या मुलीने भिंग स्वतःजवळ ठेवले आणि उरलेली पेटी मला दिली.