जुलैमधल्या मुक्कामाबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

जुलैमध्ये आपण सहकुटुंब आंबोलीला आमच्या कुटीत राहिलात आणि घरी गेल्यावर दोन तारे देऊन सविस्तर लिहिलंत. खोली लहान, एसी नाही, भिंतींना ओलसर वास, संडासात पाण्याऐवजी भुसा, अंगणात काळोख, रात्री स्पीकर बंद करायला लावला. आणि शेवटी, 'शांततेचे पैसे घेता, पण बेडकांनी रात्रभर झोपू दिलं नाही.' इथे येऊ पाहणारे बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून उत्तर जरा लांबलं तरी नीट देतो.

बेडकांचं आधी. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि बेडकांचा विणीचा हंगामही तोच. आपल्या खोलीमागच्या पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता. मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं ते घरटं. आत पिल्लं तयार झाली की फेस विरतो आणि ती टपाटप खालच्या पाण्यात पडतात. इथल्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालणारा आंबोली टोड तर 2009 साली नवी जात म्हणून नोंदला गेला. तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अंगणातले दिवे गुडघ्याच्या खाली, पिवळे आणि वरून झाकलेले आहेत ते या जिवांसाठी. चालायला म्हणून प्रत्येक खोलीत विजेरी ठेवलेली असते. आम्ही ज्या शांततेचा शब्द देतो ती माणसाच्या गोंगाटापासूनची. जनरेटर नाही, टीव्ही नाही, रात्री नऊनंतर स्पीकर नाही. पावसाळ्यातलं जंगल गप्प बसेल असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही, आणि ते गप्प झालं तर मला फार वाईट वाटेल.

आता संडास. याबद्दल बरेच पाहुणे कुरकुरतात, म्हणून कारण सविस्तर सांगतो. इथे वीतभर मातीखाली जांभा खडक लागतो. पावसाळ्यात जमीन पाण्याने इतकी भरलेली असते की शोषखड्डा काही शोषतच नाही. मैलापाणी खडकाच्या भेगांतून थेट झऱ्यांत उतरतं. हिरण्यकेशी नदीचा उगम याच गावात आहे आणि तो परिसर 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. त्या पाण्यात आमच्या पाहुण्यांची घाण जाऊ देणं मला मान्य नाही. म्हणून जमिनीच्या वर बांधलेले, छपराखालचे दोन कप्पे. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. लघवी वेगळी काढली आणि दर वेळी मूठभर भुसा-राख टाकली की वास येत नाही. पहिल्या कप्प्याचं पुरतं खत झाल्यावर ते झाडांना जातं, भाजीला नाही.

ओलसर वासाचं म्हणाल, तर खिडकीपर्यंत चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, आणि त्याच्या वर माणगा या बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर मातीचा गिलावा आणि चुना, अशी आमची भिंत आहे. जुलैत हवाच पाण्याने जड असते आणि माती ते पाणी धरते. उघडीप पडली की तीच भिंत ते परत सोडून देते. ऑइल पेंट मारला तर वास काही दिवस जाईल, पण ओल आतच अडकेल आणि कामट्या कुजतील. कीड लागू नये म्हणून बांबू आधीच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घेतलेला असतो. कुजण्यापासून वाचवायचं काम मात्र रुंद वळचणीचं आणि कौलांखालच्या मोकळ्या फटीचं. एसी लावायचा तर ती फट बुजवावी लागेल. शिवाय आठ-आठ दिवस ऊन नसताना सौर बॅटरीवर दिवे, पंखे आणि मोबाईल चालतात, एसी चालत नाही. ओले कपडे चुलीच्या खोलीत दोरीवर टाकले की रात्रीत वाळतात. आल्या आल्या आमच्या मावशींना सांगा, त्या घेऊन जातील.

खोली दहा बाय बारा आहे आणि तेवढीच राहील. जुन्या नाचणीच्या पट्टीवर जेवढी सपाट जागा होती तेवढ्यातच ती बसवली. डोंगर खणला नाही, एकही झाड तोडलं नाही. चिरेखाणीतून दगड काढला की मागे उघडा खड्डा उरतो, तिथे पुन्हा माती धरायला किती काळ जातो ते आम्ही इथे रोज बघतो. म्हणून चिरा जिथे लागेलच तिथेच वापरला. दिवसभर बसायला जवळजवळ खोलीएवढी पडवी आहे. आपल्या अभिप्रायात तिचा उल्लेख नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

दराबद्दल थोडक्यात. खोल्या पाचच आहेत आणि काम करणारी सगळी माणसं गावातली, बारमाही पगारावर आहेत. भाडं त्या हिशेबाने ठरतं.

घरच्यांना कोरडी हवा हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. तेव्हा भिंती खणखणीत कोरड्या असतात, बेडूकही फारसे ओरडत नाहीत. पावसाळ्यातलं आरक्षण घेताना या सगळ्या गोष्टी आम्ही फोनवर सांगतोच, पण फोन एक जण करतो आणि येतात चौघं. म्हणून यापुढे तीच माहिती लेखी पाठवू, म्हणजे पैसे भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना वाचता येईल.