पिकअप घेताय? मग आधी सूट घ्या, गाडीचं नंतर बघू

नवीन पिकअप घ्यायची असेल तर एक चूक अजिबात करू नका, ती म्हणजे आपल्याला नक्की काय वाहायचंय याचा विचार. किती वजन, किती लांबीचा माल, आपल्या गल्लीत वळेल का, हे असले प्रश्न ज्यांना सूट मिळवता येत नाही ते लोक विचारतात. आपण शोरूममध्ये पाय ठेवल्या ठेवल्या विचारायचं, "डिस्काउंट किती?" आणि मग समोरचा ज्या गाडीवर सगळ्यात मोठा आकडा सांगेल तीच आपल्याला पहिल्यापासून हवी होती असं घरी येऊन सांगायचं.

मी स्वतः याच पद्धतीने घेतलीये म्हणून अधिकाराने सांगतोय. आमचं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात टेंटचं काम आहे, नानांपासूनचं. खुर्च्या, गाद्या, कनाती, पाइप, कढया. टेम्पो अठरा वर्षांचा झालेला, डाव्या बाजूचं दार दोरीने बांधलेलं, त्यामुळे नवीन गाडी हवी यावर घरात दुमत नव्हतं. आणि योग तर असा होता की २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तोही नेमका घटस्थापनेला, म्हणजे पितृपक्ष संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुहूर्त काढायलाही कुणाकडे जायला नको. एखादा भोळा माणूस त्या आठवड्यात गाडी घेऊन, अचलेश्वरला नारळ फोडून मोकळा झाला असता आणि तुळशीचं लग्न लागल्यापासून धंद्याला लागला असता.

पण सरकारने आपणहून दिलेली सूट ही सूट नव्हे. ती सगळ्यांनाच मिळते, त्यात आपली हुशारी ती काय दिसणार? म्हणून मी थांबलो. कशासाठी, तर मेळ्यासाठी.

ग्वाल्हेरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं, आमचा व्यापार मेळा १९०५ चा, माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला, आणि त्यात लोक तीन गोष्टींसाठी जातात, ताटाएवढा पापड, थंडीत कुडकुडत खायची सॉफ्टी आणि गाडी. कारण सरकार मेळ्यात विकलेल्या गाड्यांच्या रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट देतं, खासगी गाड्या तर आहेतच पण आपल्यासारख्यांच्या हलक्या मालवाहू गाड्यासुद्धा त्यात येतात. आता ही अर्धी सूट टॅक्सवर आहे, गाडीवर नाही, हे घरातल्या मोठ्यांना नीट समजावून सांगा, आमचे नाना दोन महिने सगळ्यांना सांगत होते की अर्ध्या किमतीत मिळतीये तर एकच कशाला, दोन घेऊ.

थांबण्याचं शास्त्र नीट समजून घ्या. मेळा सुरू होतो डिसेंबरच्या शेवटी शेवटी. तेव्हा खरमास चालू असतो, त्यात नवीन वस्तू घ्यायची नाही. सूट जाहीर होते बरेचदा जानेवारी उजाडल्यावर, तोवर मैदानात गाड्या नुसत्या झेंडूच्या माळा घालून उभ्या, लोक सेल्फी काढतात आणि "घोषणा झाली का?" विचारून पापड खायला जातात. आणि जानेवारीत कंपन्या बहुतेक भाव वाढवतात. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरचा अख्खा लग्नाचा सीझन तुम्ही भाड्याच्या गाडीने काढायचा, माझ्या ट्रान्सपोर्ट नगरवाल्याने फेरीला बाराशे घेतले, चाळीस फेऱ्या झाल्या, अठ्ठेचाळीस हजार गेले. पण ते भाड्याच्या खात्यात गेले, सवलतीच्या खात्यात नाही. दोन्ही खाती कधीही शेजारी शेजारी ठेवून बघायची नाहीत, हा या विद्येतला मोठा नियम आहे.

मेळ्याची आणखी एक गंमत म्हणजे गाडीची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओतच करावी लागते, एमपी ०७. बाहेरच्या डीलरला इथे विकायचं तर इथल्या आरटीओकडून ट्रेड सर्टिफिकेट घेऊन मैदानात प्रत्यक्ष हजर राहावं लागतं, तंबू ठोकून. तंबू म्हटल्यावर मला वाटलं निदान ते काम तरी आपल्याला मिळेल, पण तेही दिल्लीहून आले. असो. तर ही सूट घ्यायला इंदूरहून आमचे मामेभाऊ आले, पाचशे किलोमीटर, बरोबर वहिनी, दोन मुलं आणि वहिनींच्या आई, चार दिवस आमच्याकडे मुक्काम, कारण हॉटेलचे पैसे वाचवायचे म्हणजे सूट आणखी वाढते. त्यांनी डबल केबिनची मोठी गाडी घेतली, दहा लाखांच्या वर, त्यामुळे १ टक्का टीसीएसही, म्हणजे डीलरने आधीच घेतलेला आयकर, भरला, आणि तो रिटर्न भरताना आपल्या खात्यात धरता येतो हे मी सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे रे, रोड टॅक्समध्ये वाचलेच की." आता इंदूरमध्ये सगळ्यांच्या एमपी ०९ च्या रांगेत त्यांची एमपी ०७ उभी असते आणि प्रत्येकाला ते मेळ्याची पूर्ण गोष्ट सांगतात, इंदूरचे लोक पोहे संपेपर्यंत ऐकतात.

आता कोटेशन कसं वाचायचं. वरून खाली वाचत येऊ नका, मन खट्टू होतं. "स्पेशल डिस्काउंट ४०,०००" ही ओळ शोधायची, तिच्यावर बोट ठेवायचं आणि तिथेच थांबायचं. तिच्या खाली हँडलिंग चार्ज साडेसात हजार, ताडपत्री साडेचार हजार, मडफ्लॅप, अंडरबॉडी कोटिंग, "एसेन्शियल किट" (यात एक कापड आणि गणपतीची मूर्ती निघाली) अशा ओळी असतात, त्या वाचणं म्हणजे मुलगी बघायला जाऊन तिच्या घराचं वीजबिल मागण्यासारखं आहे. हँडलिंग कशाचं, असं मी विचारलं होतं. सेल्समन म्हणाला, "सर, आप अपने ही आदमी हो, आपसे क्या छुपाना, ये तो सबसे लेते हैं." मीही आपलाच माणूस असल्यामुळे गप्प बसलो.

इन्शुरन्स तर डीलरकडूनच घ्या. बाहेरून घेता येतो, कुणी अडवू शकत नाही, पण मग डिस्काउंट "सिस्टममध्ये चढत नाही". थर्ड पार्टीचा हप्ता ठरलेला असतो, साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये, तो कुठेही गेलात तरी तोच. भावात फरक पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात. बाहेरच्या एजंटने मला तिथे अकरा हजार कमी सांगितले होते, पण त्याच्या कागदावर "डिस्काउंट" हा शब्दच नव्हता, नुसताच कमी आकडा होता. अशा माणसावर विश्वास कसा ठेवणार?

मोठी सूट हवी असेल तर गेल्या वर्षीची गाडी मागा, म्हणजे मागायची गरज नाही, तीच देतात. चेसिस नंबरमध्ये बहुतेक कंपन्यांचं दहावं अक्षर वर्षाचं असतं, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५. माझ्या मेळ्यातल्या कोऱ्या गाडीवर एस निघालं, मी ते घरी आल्यावर पाहिलं, तोवर फुलं वाहून झाली होती. विकताना गिऱ्हाईक एक वर्ष जास्तीचं धरून भाव पाडणार, पण तेव्हाचं तेव्हा.

जुन्या गाडीचं काय करायचं? रजिस्टर्ड स्क्रॅप केंद्रात दिली तर सर्टिफिकेट मिळतं, ते दाखवलं की नवीन गाडीची नोंदणी फी माफ, रोड टॅक्समध्येही काही सवलतीची तरतूद आहे, आणि २०२४ मध्ये कंपन्यांनी साडेतीन टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला एक्स-शोरूमच्या दीड टक्का सूट द्यायचं कबूल केलं होतं. नऊ लाखांच्या गाडीवर साडेतेरा हजार. पण त्यासाठी फॉर्म भरा, वाट बघा, कोण करतं. आमच्या ओळखीच्या कबाड्याने केंद्रापेक्षा आठ हजार रोख जास्त दिले, जागच्या जागी, चहासकट. मी टेम्पो दिला. कबाड्याने तो तोडला नाही, दाराची दोरी बदलून भिंडला कुणालातरी विकला, आणि गाडी कागदावर अजून माझीच असल्यामुळे त्याचे चालान मला येतात. परवा हेल्मेटचं आलं. टेम्पोला.

लोनबद्दल फार खोलात जाऊ नये. "सात टक्के" ऐकलं की सही करायची. फ्लॅट सात, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, की घटत्या शिलकीवर सात हे विचारणं असभ्यपणाचं आहे. माझं आठ लाखांचं, चार वर्षांचं, सात टक्के फ्लॅट, म्हणजे व्याज दोन लाख चोवीस हजार, हप्ता एकवीस हजार तीनशे तेहतीस. पुतण्याने कॉम्प्युटरवर घालून पाहिलं तर बँकेच्या भाषेत ते साडेबाराच्याही वर निघालं. पुतण्याला सध्या आम्ही फार बोलवत नाही.

आणि आता माझा सगळ्यात मोठा डाव, हा नीट लक्षात ठेवा. फायनान्सवाला म्हणाला की गाडी मॅडमच्या नावावर घेतलीत तर व्याज पाव टक्का कमी. सव्वासातचं सात होतं ते असं झालं. चार वर्षांत पूर्ण आठ हजार वाचले! मी लगेच बिल हिच्या नावावर करायला सांगितलं, हिने पदर खोचून चावी हातात घेतलेला फोटो आहे, बाड्यावरच्या स्टुडिओत फ्रेम केला.

मार्चमध्ये आमच्या सीएकडे गेलो. टेंटच्या कामावर आपण गिऱ्हाइकाकडून १८ टक्के जीएसटी घेतो आणि भरतो. सीएने विचारलं, "गाडीच्या बिलावर फर्मचा जीएसटी नंबर घातला ना?" मी म्हटलं का? म्हणाला, कारण प्रवासी कार घेतली तर तिच्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सहसा अडवलेलं असतं, पण मालवाहू गाडीचं धंद्यासाठी पूर्ण मिळतं. नऊ लाखांच्या बिलात जीएसटी एक लाख सदतीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपये, तो सगळा आपल्या भरायच्या टॅक्समधून वळता झाला असता. मेळा नको, खरमास नको, पापड नको. फक्त बिलावर पंधरा अक्षरांचा नंबर. मी म्हटलं, गाडी हिच्या नावावर आहे. सीए काही बोलला नाही, चष्मा काढून पुसत बसला, मग म्हणाला, "वहिनींचा फोटो छान आलाय स्टेटसवर."

याला सूट म्हणत नाहीत हे माझं मत अजून कायम आहे. सेल्समनने सांगितली नाही, फलकावर नव्हती, घासाघीस करावी लागली नाही, ती सूट कसली.

अमेरिकेत डॅलसला असणाऱ्या आतेभावाला हे सांगितलं तर तो हसला नाही, त्यांच्याकडे हा प्रकार जुना आहे. तिकडे पिकअप म्हणजे घरातली गाडी, लोक तिच्यातून दूध आणायला जातात. रिबेट म्हणजे गाडी घ्या आणि कंपनी तुम्हाला पैसे परत देणार, हे क्राइस्लर कंपनीने जानेवारी १९७५ मध्ये गाड्या पडून होत्या तेव्हा जोरात चालवलं, २०० ते ४०० डॉलर. २००५ मध्ये तर जनरल मोटर्सने स्वतःच्या कामगारांचा भाव सगळ्या गिऱ्हाइकांना देऊन टाकला, म्हणजे अख्खा देश स्टाफ. आणि शून्य टक्के व्याज हवं की कॅश परत हवी, बरेचदा दोन्हींतलं एकच मिळतं, आतेभावाने व्याज घेतलं, आता कॅश घ्यायला हवी होती म्हणून झुरतोय. रक्त आमचंच आहे.

गाडी चांगली आहे हो. फक्त मोठा डिस्काउंट लहान हौद्यावर होता, त्यामुळे मंडपाचे पाइप मागून तीन फूट बाहेर येतात, त्यांना लाल फडकं बांधून पोरगा मागे बसतो आणि पडावच्या पुलावर ओरडत जातो. खुर्च्या दोन फेऱ्यांत जातात, आधी टेम्पोत एकात जायच्या.

पण हे काहीच मनाला लागलं नव्हतं. लागलं ते परवा. कंपू भागातल्या डेअरीवाल्या काकांनी तीच गाडी घेतली, तोच रंग, तोच मेळा, माझ्यानंतर सहा दिवसांनी. मी सहज विचारलं, काका, किती सोडले? म्हणाले बेचाळीस. आणि ताडपत्री फुकट. दोन हजार अधिक साडेचार, साडेसहा हजार रुपये! रात्रभर झोप नाही. सकाळपासून त्या सेल्समनला फोन लावतोय, "आप अपने ही आदमी हो" म्हणणारा तोच, उचलत नाहीये.