हात मिळवायचा की नाही

आइस हॉकीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, एक रिवाज आहे. सात सामन्यांची मालिका, चार आधी जिंकेल तो पुढे. दीड-दोन आठवडे हीच माणसं एकमेकांना रिंकच्या कडेच्या फळीवर आपटत असतात, दात पाडत असतात. शेवटचा भोंगा वाजला की मात्र दोन्ही संघ बर्फावर ओळीने समोरासमोर येतात आणि प्रत्येकाशी हात मिळवत पुढे सरकतात. सक्ती कुणाची नाही, पण हरलेल्यालाही तोंड लपवून ड्रेसिंग रूम गाठता येत नाही.

टोरोंटोत राहायचं म्हणजे ही हरलेली ओळ पाहायची सवय हवी. आमचा मेपल लीफ्स संघ शेवटचा स्टॅनले कप, म्हणजे या प्लेऑफचा करंडक, जिंकला १९६७ साली. २०२५ साली १८ मेला फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध सातवा सामना घरच्या रिंकवर होता. ६-१ असे हरलो. लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर भिरकावल्या. याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात सॅम बेनेटचं कोपर आमच्या गोलरक्षकाच्या, अँथनी स्टोलार्झच्या, डोक्याला लागलं होतं. स्टोलार्झला इस्पितळात न्यावं लागलं आणि बेनेटला साधी पेनल्टीही झाली नाही. समोरच्या ओळीत ब्रॅड मार्शँडही होता. हा गृहस्थ बॉस्टनकडून खेळायचा तेव्हा, २०१८च्या प्लेऑफमध्ये, त्याने आमच्या लिओ कोमारोव्हचा गाल चक्क चाटला होता. अशा माणसांशी हात मिळवायचा. मिळवला सगळ्यांनी.

तर १४ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, आम्ही चार मराठी घरं मिसिसागात एकाच्या बेसमेंटमध्ये पोहे आणि चहा घेऊन आशिया कपाचा भारत-पाकिस्तान सामना बघत होतो. सूर्यकुमारने षटकार मारून सामना संपवला, शिवम दुबेशी हात मिळवला आणि दोघे सरळ आत निघून गेले. पाकिस्तानचे खेळाडू मैदानात थांबलेले, आपल्या ड्रेसिंग रूमचं दार बंद. बेसमेंटमध्ये आधी टाळ्या पडल्या, मग जरा शांतता, आणि मग कुणीतरी म्हणालं, ‘‘हॉकीवाले बघा, रक्त निघेपर्यंत मारतात, पण शेवटी हात मिळवतात.’’ मी हे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. डोंबिवलीच्या मावसभावाचं उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘‘तुला काय जातंय तिथे बसून बोलायला? भागशाळा मैदानात मी उभा होतो.’’

त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली, आणि सहातली तिघं डोंबिवलीची. त्यांना निरोप द्यायला भागशाळा मैदानात गावच्या गाव लोटलं होतं. हॉकीतली खुन्नस बर्फावर सुरू होते आणि बर्फावर संपते. बेनेटचं कोपर आणि बैसरनमधल्या गोळ्या एका तागडीत घालणं हा मूर्खपणा आहे. परदेशातल्या आपल्या लोकांना ही खोड आहे, मलाही: इथली एखादी चांगली रीत दिसली की लगेच तिची पट्टी करून घरच्यांची उंची मोजायची.

शिवाय ही रीत इथले लोक सांगतात तितकी सोवळी नाही. २००८ साली न्यू जर्सीचा गोलरक्षक मार्टिन ब्रोडर ओळीत आला, रेंजर्सच्या सगळ्यांशी हात मिळवला आणि शॉन एव्हरीला तेवढं वगळलं, कारण एव्हरी मालिकेत त्याच्या तोंडासमोर पाठमोरा नव्हे तर चेहऱ्याकडे वळून उभा राहून काठी नाचवत होता. १९९६ साली कोलोरॅडोच्या क्लोद लेम्यूने डेट्रॉइटच्या क्रिस ड्रेपरला मागून फळीवर आपटून त्याच्या चेहऱ्याची हाडं मोडली. त्याच सामन्यानंतर लेम्यूशी हात मिळवल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं डेट्रॉइटचा डिनो सिसरेली उघड बोलून गेला. २०१४ साली बॉस्टनच्या मिलन लुचिचने तर ओळीतच माँट्रियलच्या खेळाडूंना धमक्या दिल्या. आणि बेसबॉलमध्ये अशी ओळ नसतेच. २०२५च्या १ नोव्हेंबरच्या रात्री वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना अकराव्या डावापर्यंत जाऊन आमचे ब्लू जेज डॉजर्सकडून ५-४ हरले. डॉजर्स एकमेकांच्या गळ्यात पडले, आमची पोरं डगआउटमध्ये बसून बघत राहिली. कुणीही कुणाला खिलाडूवृत्ती शिकवली नाही. ज्या त्या खेळाचा आपला आपला आचार.

मग हॉकीच्या त्या ओळीत मला नेमकं काय दिसतं? २०२५चंच सांगतो. १७ मेला डॅलसमध्ये विनिपेग जेट्सचा सहावा सामना होता. हरले की घरी. आदल्या रात्री जेट्सच्या मार्क शायफेलीचे वडील गेले. तो तरीही खेळला. सामन्यातला पहिला गोल त्यानेच केला. नियमित वेळ संपायला १४.८ सेकंद उरली असताना निसटून चाललेल्या डॅलसच्या खेळाडूला त्याने काठीत अडकवून पाडलं आणि तो पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे शिक्षा झालेल्याने बसायच्या जागी, गेला. ओव्हरटाइम सुरू झाला तेव्हा तो काचेआड बसलेला होता, आणि तिथूनच त्याने डॅलसचा विजयी गोल पाहिला. विनिपेगचा मोसम संपला. ओळ सुरू झाली तेव्हा डॅलसचा एकेक खेळाडू त्याच्यापाशी थांबत होता, गळ्यात पडत होता, कानाशी काही बोलत होता. रांग पुढे सरकेना. टीव्हीवरचे समालोचक बोलायचे थांबले, ही इथली दुर्मीळ गोष्ट.

हे त्या संघांनी कुणाला विचारून केलं नाही. लीगने परिपत्रक काढलं नव्हतं. ब्रोडरने हात दिला नाही तेव्हाही त्याने मालकाला विचारलं नव्हतं. देणं असो की न देणं, ज्याचा हात त्याचा निर्णय. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि मावसभावाशी माझं खरं भांडण इथे सुरू होतं.

युक्रेनची तलवारपटू ओल्गा खारलान २०२३ साली मिलानला रशियन प्रतिस्पर्ध्याला हरवून तिच्यापुढे हाताऐवजी तलवार धरून उभी राहिली. तिला स्पर्धेतून काढून टाकलं. ती बदलली नाही, नियमच बदलला. पुढे पॅरिसला तिने ऑलिंपिक पदक मिळवलं. तिने स्वतःच्या जिवावर नकार दिला होता आणि त्याची किंमत तिलाच मोजावी लागली. आपल्याकडे २०२५च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या निवृत्त खेळाडूंच्या स्पर्धेत शिखर धवन वगैरे मंडळी पाकिस्तानविरुद्ध खेळलीच नाहीत. उपांत्य सामनासुद्धा सोडून दिला. मला हे पटतं. ज्याच्याशी हात मिळवायचा नाही त्याच्याशी खेळायचं नाही.

आशिया कपात काय झालं? सरकारचं ऑगस्टमधलं धोरण असं की पाकिस्तानशी दोघांतली मालिका नाही, पण अनेक देशांच्या स्पर्धेत खेळायला हरकत नाही. ठीक. मग स्पर्धेची आखणी अशी की भारत आणि पाकिस्तान एकाच गटात. १४, २१ आणि २८ सप्टेंबर, तीन लागोपाठचे रविवार, तिन्ही दिवशी हेच दोघे. जाहिरातींचे दर कुणाला माहीत नाहीत? म्हणजे सामना हवा, रविवार हवा, प्रक्षेपणाचे पैसे हवेत. फक्त हात नको. काही गोष्टी खिलाडूवृत्तीच्याही पुढे असतात, असं सूर्या म्हणाला, आणि मंडळाशी व सरकारशी आपण एकमताने वागलो, हेही त्यानेच सांगितलं. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण माघार घ्यायचं धाडस जे वरच्यांना झालं नाही त्याचा भार चेंबूरच्या त्या पोराच्या उजव्या हातावर टाकला गेला. अंतिम सामन्यानंतर मोहसीन नक्वींकडून करंडक घेतला नाही, तेही तसंच. नक्वी पाकिस्तानचे गृहमंत्री आणि आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्षही, हे काय त्या रात्री कळलं?

मावसभाऊ म्हणतो, ‘‘खेळणं बंद केलं तर गुण त्यांना फुकट.’’ जाऊ देत की! दोन गुणांत देशप्रेम मावत असेल तर बोलणंच खुंटलं.

कॅनडालाही हा प्रश्न अगदीच परका नाही. फेब्रुवारीत ट्रम्प आयातशुल्क लादायच्या आणि कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य करायच्या गोष्टी बोलत होते. माँट्रियलला कॅनडा-अमेरिका हॉकी सामन्यात प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली आणि सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. पुढे मार्चमध्ये ओंटारियोच्या सरकारी दारू दुकानांतून अमेरिकन बाटल्या उचलल्या गेल्या. रिकाम्या फडताळावर ‘कॅनडाचं घ्या’ अशी पाटी. २० फेब्रुवारीला बॉस्टनमध्ये कॉनर मॅकडेव्हिडने ओव्हरटाइममध्ये गोल करून अमेरिकेला ३-२ हरवलं, आणि मग त्याच बर्फावर ओळ लागली. राग दुकानात काढला, हात रिंकवर मिळवला. अर्थात इथे कुणाच्या घरातलं माणूस गेलं नव्हतं, हे मावसभावाने सांगायच्या आधी मीच लिहून ठेवतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर लाहोरचा एक सहकारी बसतो. सप्टेंबरभर आम्ही क्रिकेटचा विषय काढला नाही. लीफ्सला शिव्या घालण्यावर दोघांचं भागलं. ऑक्टोबरच्या मध्यावर त्यानेच मला फोनवर एक क्लिप दाखवली: मलेशियात सुलतान जोहोर कप, आपली हॉकी, मैदानावरची. सामन्याआधी भारत आणि पाकिस्तानची ज्युनियर पोरं ओळीने एकमेकांच्या तळव्यावर टाळी देत पुढे सरकत होती. सामना ३-३ बरोबरीत सुटला. फार गाजावाजा झाला नाही, कारण त्या सामन्याच्या जाहिराती कुणी विकत घेत नाही. पुढे २०२५च्या अखेरीस चेन्नई-मदुराईला ज्युनियर विश्वचषक होता आणि पाकिस्तानने संघच पाठवला नाही. मला वाईट वाटलं, पण निदान हा सरळ नकार होता.

लीफ्सची २०२५-२६ मोसमातली सुरुवात पाहता एप्रिलमध्ये आम्हाला ओळीत उभं राहायला तरी मिळेल का, याचीच शंका होती. क्रिकेटचं वेळापत्रक मात्र पक्कं होतं. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत आणि पाकिस्तान पुन्हा एकाच गटात, कोलंबोला, १५ फेब्रुवारी २०२६. कॅलेंडर काढून पाहिलं. रविवारच होता.