दुबई १९९० साली वाळूतून उगवली नाही

"१९९० पर्यंत दुबईत नुसती वाळू होती. मग तेल सापडलं. राजाने हुकूम सोडला, ना फाइल ना आंदोलन, वीस वर्षांत शहर उभं! तिकडे गेलेला प्रत्येक जण सोनं करूनच येतो." दोन फोटोंसकट हा मजकूर सगळीकडे फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं. पण तो वाचून ताईचा मुलगा, नुकताच आयटीआय झालेला, एजंटाला दीड लाख द्यायला निघाला.

१९९० चं आधी बघू. माझे बाबा १९७८ साली वेल्डर म्हणून दुबईला गेले. राहायला खाडीच्या एका काठावर देऱ्यात, काम पलीकडच्या काठावर बर दुबईत. रोज अब्रात, म्हणजे तिथल्या होडीत, बसून खाडी ओलांडायची. १९८० चा त्यांचा एक फोटो घरी आहे. मागे ३९ मजली वर्ल्ड ट्रेड सेंटर, भोवती मोकळी वाळू. म्हणजे त्या बाजूला ओसाड होतं, एवढं मान्य. फिरणारा जुना फोटोही त्याच रस्त्याचा, शेख झायेद रोडचा आहे. पण शहर होतं खाडीच्या दोन्ही काठांवर. वाशीच्या खाजणाचा जुना फोटो दाखवून 'तेव्हा मुंबईच नव्हती' म्हणता येईल का?

आता तेल. ते सापडलं १९६६ साली, निर्यात सुरू झाली १९६९ ला. शहराचा पहिला आराखडा मात्र १९६० चा! दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी तो जॉन हॅरिस या ब्रिटिश वास्तुविशारदाकडून करून घेतला. रस्ते कुठून जातील, वस्ती कुठे, बाजार कुठे, कारखाने कुठे, हे तेलाचा थेंब निघायच्या सहा वर्षं आधी कागदावर होतं. त्याच सुमारास गाळाने भरत चाललेली खाडी कुवेतकडून कर्ज काढून उपसली, कारण गाव व्यापारावर जगत होतं आणि जहाजं आत येईनात. व्यवहार १९६६ पर्यंत रुपयांत चालायचे. हॅरिस यांनीच १९७१ साली दुसरा आराखडा दिला. खाडीखालचा शिंदगा बोगदा १९७५ चा. तेलाच्या पैशाने पुढे बंदरं झाली, कामाला वेग आला, हे नाकारत नाही. पण १९९१ च्या सुमारास दुबईचं तेल उत्पादन शिखरावर पोचलं आणि मग उतरत गेलं. मजकुरात नेमकं उलटं सांगितलंय.

'वीस वर्षांत बिनबोभाट' म्हणावं तर २००९ साली दुबईला कर्ज फेडता येईना, तेव्हा शेजारच्या अबुधाबीने १० अब्ज डॉलर दिले.

पण माझा खरा राग 'ना आंदोलन, सोनं करून येतो' यावर आहे. आंदोलनं क्वचितच झाली, कारण मजुराला संघटना करायची मुभाच नव्हती. तेव्हा व्हिसा मालकाच्या हातात असायचा, नोकरी गेली की देश सोडावा लागायचा. शहराच्या कडेला मजुरांच्या छावण्यांची जी वस्ती आहे तिला आपलीच माणसं सोनापूर म्हणतात. मुंबईकराला सोनापूर म्हटलं की मसणवटा आठवतो. एका खोलीत सहा-आठ जण, पहाटे बस, संध्याकाळी बस. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आता आहे, बाबांच्या वेळी नव्हता. त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा. आजी गेली तेव्हा तो मिळायला अकरा दिवस लागले. बाबा पोचले ते तेराव्याला. आमचं घर दुबईच्या पैशावर उभं राहिलं, हेही खरंच. पण त्याला सोनं करून येणं म्हणायला बाबा कधीच तयार झाले नाहीत.

भाच्याला मी एवढंच सांगितलंय: नोंदणीकृत एजंटाला कायद्याने ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. दीड लाख मागणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आधी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपास. करारावर पगार दिरहॅममध्ये किती लिहिलाय ते मला दाखव, आणि तोवर एक पैसाही देऊ नकोस.